सुरीचा आकार आणि कारागिराची रोजी

जिंतूरच्या बाजारपेठेत सुरी घ्यायला गेलेल्या माणसासमोर दोन तऱ्हेचा माल येतो. भांड्यांच्या दुकानात पुठ्ठ्यावर बसवलेली, प्लॅस्टिकच्या मुठीची, चकचकीत कारखानी सुरी मिळते. आठवडी बाजारात गोणपाटावर मांडलेला लोहाराचा माल मिळतो. त्यात विळे, खुरपी, कोयते, सत्तूर आणि त्यांच्या शेजारी हाताने घडवलेल्या चार-दोन सुऱ्या असतात. कारखानी सुरीवर किंमत छापलेली असते आणि गिऱ्हाईक ती मुकाट्याने देते. हातच्या सुरीवर काहीच लिहिलेले नसते, म्हणून गिऱ्हाईक निम्म्यापासून बोलायला सुरुवात करते. पोलाद पुष्कळदा हातच्या सुरीचेच सरस असते, कारण ती ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून घडवलेली असते. तरीही पैसा कारखान्याकडे जातो आणि घासाघीस कारागिराच्या वाट्याला येते. असे का होते, याचा विचार धंद्याच्या या पानावर व्हायला हवा.

आमचे उत्तर थोडक्यात असे आहे. आमच्या कारागिराच्या सुरीला ठरलेला आकार नाही, आकाराला नाव नाही आणि पात्यावर ठसा नाही. ज्या कारागिरांनी या तीन गोष्टी सांभाळल्या त्यांची सुरी जगभर गेली. यात फ्रान्सच्या सुरीचा नंबर फार वरचा आहे, म्हणून आज तिची हकीकत सांगतो.

जिंतूरच्या लोहाराला आणि शिकलगाराला फ्रान्सशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे आहे. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, डॉ. रफीक झकेरिया यांच्या मौलाना आझाद शिक्षण संस्थेने ताज हॉटेल समूहाच्या सहकार्याने हॉटेल मॅनेजमेंटची संस्था उभी केली. अशा कोणत्याही संस्थेत मुलगा दाखल झाला की त्याच्या हाती सुऱ्यांचा संच येतो आणि त्यातली मोठी सुरी फ्रेंच घाटाची किंवा त्या घाटावरून निघालेली असते. भाज्या चिरण्याच्या पद्धतींची नावेसुद्धा तेथे ज्युलिअन, ब्रुनॉज अशी फ्रेंचच शिकवतात. ही मुले पुढे हॉटेलांत, केटररकडे, लग्नाच्या मांडवात कामाला लागतात आणि हातात बसलेली सुरीच मागतात. गिऱ्हाईक आपल्याच भागात तयार होत आहे. माल मात्र दुसऱ्या मुलखातून येतो.

बसून चिरणे आणि उभे राहून चिरणे

आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विळी चालली. विळीचे पाते पाटाला पक्के असते, बाई पाटावर बसते आणि भाजी पात्यावर नेते. पाते हलत नाही, जिन्नस हलतो. म्हणून विळीच्या पात्याला बाक आहे आणि धार चिरणाऱ्याच्या बाजूला आहे. फ्रान्सच्या स्वयंपाकघरात आचारी टेबलाशी उभा असतो, जिन्नस फळीवर स्थिर असतो आणि पाते हलते. दोन्ही आकार आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणता श्रेष्ठ हा वाद फुकटचा आहे.

आता आपल्या घरांतही ओटा आला, उभ्याने स्वयंपाक आला. ओट्यावर विळी गैरसोयीची पडते, म्हणून सुरी आणि फळी आली. बसण्याची पद्धत बदलली की अवजार बदलते, आणि अवजार बदलले की ते बनवणाऱ्याचा धंदा एक तर बदलतो, नाही तर बसतो. हा बदल आपल्या कारागिराच्या डोळ्यांसमोर झाला. त्याने विळी बनवणे कमी केले, पण ओट्यावरची सुरी बनवणे हातात घेतले नाही. ती जागा कारखान्याने घेतली.

आकार कामातून आला

फ्रेंच आचाऱ्याची मोठी सुरी साधारण ८ ते १० इंच पात्याची असते. तिचे पाते लांबट त्रिकोणासारखे दिसते. मुठीजवळ, म्हणजे टाचेशी, पाते सर्वांत रुंद असते आणि टोकाकडे ते सारखे निमुळते होत जाते. धारेची रेघ टाचेपासून बऱ्याच अंतरापर्यंत जवळजवळ सरळ असते व टोकाकडे हलकेच वर चढते. त्यामुळे पाते फळीवर टेकवून पुढे ढकलले किंवा मागे ओढले की पूर्ण लांबीने काप पडतो. टोक अणकुचीदार असल्याने कांद्याचे बारीक काम टोकाने होते, टाचेने जाड देठ तुटतो आणि रुंद बाजूने लसूण चेचली जाते. एका पात्याकडून तीन कामे निघतात.

याच्या शेजारी जर्मन सुरी ठेवली तर फरक लगेच दिसतो. तिच्या धारेला जास्त पोट असते, म्हणजे बाक मोठा असतो. टोक फळीवर टेकवून झोपाळ्यासारखी वरखाली करण्यासाठी ती बरी पडते. कोथिंबीर बारीक करणाऱ्याला जर्मन पोट सोयीचे वाटेल. कांदा-गाजराचे पातळ काप काढणाऱ्याला फ्रेंच सरळ धार आवडेल. आकारात अर्ध्या इंचाचा फरक असला तरी हाताची चाल बदलते. म्हणून जाणकार गिऱ्हाईक नाव घेऊन आकार मागते.

मोठ्या सुरीच्या भोवती फ्रेंच कारागिरांनी एक कुटुंबच उभे केले. सोलण्या-कोरण्यासाठी ३ ते ४ इंचांची छोटी सुरी आहे, तिला ते ऑफिस म्हणतात. शिजलेल्या मांसाचे लांब काप काढण्यासाठी अरुंद व लांब पात्याची त्रांशलार आहे. हाडापासून मांस सोडवण्यासाठी ५ ते ६ इंचांची अरुंद, ताठ सुरी आहे. माशाची कातडी आणि काटा वेगळा करण्यासाठी लवचिक, पातळ पात्याची फिले द सोल आहे. सोल हे एका चपट्या माशाचे नाव. हातातच धरून बटाटा कोरण्यासाठी आतल्या बाजूला वळलेली छोटी सुरी आहे, तिचे नाव बेक द्वाझो, म्हणजे पक्ष्याची चोच. हाड तोडण्याच्या सत्तुराला ते फॉय, म्हणजे पान म्हणतात.

ही नावे पाठ करण्यासाठी आम्ही सांगत नाही. प्रत्येक नावामागे एक काम आहे, हे लक्षात यावे म्हणून सांगतो. आमच्या बाजारात बोकडाचे मांस सोडवणारा, कोंबडी कापणारा, येलदरीच्या धरणाचे मासे विकणारा आणि बिर्याणीसाठी मणभर कांदा चिरणारा, असे चौघेही बहुधा एकाच तऱ्हेची सुरी वापरताना दिसतात. मासेवाल्याच्या हातात ताठ, जाड पाते असले तर काट्याबरोबर मांसही जाते. कोंबडीवाल्याने सांधा तोडायला पातळ सुरी वापरली तर धारेला खांडे पडतात. नुकसान गल्ल्यात दिसत नाही, पण रोज होते. जबीहाच्या बाबतीत तर सुरी धारदार असावी आणि जनावराला कमीत कमी त्रास व्हावा, ही हदीसची ताकीदच आहे. मार्च २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. ज्या कुरेशी बांधवांचे काम त्यानंतर बोकड-कोंबडीकडे वळले, त्यांना जुना मोठा सुरा उपयोगाचा राहिला नाही. त्यांना अरुंद आणि लहान पाते लागते. ती गरज ओळखून माल देणारा कारागीर शेजारीच असायला हवा.

तिएर गावाची गोष्ट

फ्रान्सच्या मध्यभागी ओव्हेर्न्य नावाचा डोंगराळ मुलूख आहे. त्यात तिएर हे गाव आहे. चाकू-सुऱ्यांचा धंदा तेथे पाचशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. फ्रान्समध्ये बनणाऱ्या सुऱ्यांचा मोठा वाटा आजही याच गावातून आणि आसपासच्या खेड्यांतून येतो. तेथे लोखंडाच्या मोठ्या खाणी असतील असे वाटेल, पण तशा त्या नव्हत्या. लोखंड आणि पोलाद बाहेरून येई. गावाजवळ होती ती द्युरोल नावाची वेगाने वाहणारी नदी. तिच्या पाण्यावर चक्क्या फिरत आणि चक्क्यांवर सहाणेची चाके.

धार लावणारा कारागीर चाकाच्या वर टाकलेल्या फळीवर पोटावर पालथा पडून काम करी. खाली थंड पाणी आणि दगडाचा ओला चिखल. थंडीपासून बचाव व्हावा म्हणून तो पाळलेला कुत्रा पायांवर बसवून घेई. एवढ्या हालात हा हुन्नर वाढला. काम वाटलेले होते. कोणी घडवी, कोणी धार लावी, कोणी झिलई देई, कोणी मूठ बसवी. एका सुरीवर चार घरांची रोजी चाले. गावात कारागिरांची पंचायत होती आणि प्रत्येक उस्तादाचा ठसा धातूच्या पत्र्यावर उमटवून नोंदला जाई. दुसऱ्याचा ठसा मारणे हा गुन्हा समजला जाई.

आम्हाला यातील धडा महत्त्वाचा वाटतो. कच्चा माल बाहेरचा, गाव आडवळणी, कारागीर गरीब, तरीही धंदा टिकला. तो टिकला कामाच्या वाटणीमुळे, ठरलेल्या आकारांमुळे आणि ठशाच्या इमानामुळे. जिंतूरमध्येही पोलादाची खाण नाही. पण मोडीत निघालेल्या वाहनांच्या कमानी येथेही मिळतात आणि हातात कसबही आहे.

दख्खनचे पोलाद आणि पॅरिसची प्रयोगशाळा

पोलादाच्या बाबतीत आपल्या भागाने मान खाली घालण्याचे काही कारण नाही. जिंतूर तालुका १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानात निजामाबादकडील कोनासमुद्रम या गावी मुशीत वितळवून उत्तम पोलाद तयार होत असे. ते विकत घेण्यासाठी थेट इराणचे व्यापारी येत. ज्या जौहरदार तलवारींना जगाने दमास्कसच्या तलवारी म्हणून नावाजले, त्यांच्यासाठी हिंदुस्थानी पोलाद जात होते. येथेही पोलाद एका मुलखाचे आणि नाव दुसऱ्या शहराचे.

या पोलादाचा शोध युरोपनेही घेतला. लंडनमध्ये मायकेल फॅरडे या नामवंत शास्त्रज्ञाने जेम्स स्टोडार्ट या सुरी-कारागिराबरोबर १८२० च्या सुमारास हिंदुस्थानी पोलादावर प्रयोग केले. पॅरिसच्या टाकसाळीतील धातुपरीक्षक ब्रेआं यांनीही त्याच काळात शेकडो प्रयोग करून त्या पोलादासारखे जौहर उमटवून दाखवले. म्हणजे ज्या काळात फ्रेंच सुरीचा आकार बसत होता, त्याच काळात फ्रेंच शास्त्रज्ञ दख्खनच्या पोलादाचे गुपित शोधत होते. आज त्यांची सुरी आपल्या मुलांच्या हातात आहे आणि आपले मुशीचे पोलाद संग्रहालयात.

शिकलगार हा शब्दच या इतिहासाची आठवण देतो. सैकल म्हणजे धातूला चकाकी देणे. सैकल करणारा तो सैकलगार, त्याचाच आपल्या बोलीत शिकलगार झाला. तलवारीला झिलई आणि धार देणे हे त्याचे मूळ काम. इंग्रज सरकारने १८७८ साली शस्त्र कायदा आणला आणि हत्यारांच्या धंद्यावर बंधने घातली. योगायोग असा, की जपानमध्येही दोनच वर्षे आधी, १८७६ साली, कमरेला तलवार बाळगण्यास बंदी झाली होती. तेथील तलवारी घडवणारे अनेक कारागीर स्वयंपाकाच्या सुऱ्यांकडे वळले. परदेशी खाणे जपानात येऊ लागले, तेव्हा त्यांनी फ्रेंच आचाऱ्याच्या सुरीचा आकार उचलला, त्याला आपले कडक आणि पातळ पोलाद दिले आणि ग्युतो या आपल्या नावाने ती विकली. आज तीच ग्युतो युरोप-अमेरिकेतले आचारी चढ्या भावाने घेतात. आकार परक्याचा घेतला म्हणून त्यांचा हुन्नर कमी झाला नाही. आपला शिकलगार मात्र खांद्यावर किंवा सायकलवर चाक घेऊन दारोदार धार लावत राहिला. धार लावणे हे हलके काम नाही. पण नवी वस्तू घडवण्याची वाट त्याला कोणी दाखवली नाही.

नाव सांभाळले नाही तर काय होते

फ्रेंचांचे सगळेच चांगले आहे, असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्या चुकाही शिकण्यासारख्या आहेत. फ्रेंच सुरीचे सर्वांत प्रसिद्ध नाव साबातिए. तिएरमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या आडनावाची एकाहून अधिक कारागीर घराणी होती. प्रत्येकाने आपल्या सुरीवर साबातिए असा ठसा मारला. त्या वेळी ट्रेडमार्कचा पक्का कायदा नव्हता. पुढे नाव गाजले, पण ते कोणा एकाचे राहिले नाही. जुन्या चांगल्या घराण्यांना आपल्या ठशात हत्ती, तारे, अक्षरे अशा खुणा जोडाव्या लागल्या. दरम्यान त्याच नावाखाली हलक्या दर्जाच्या सुऱ्याही जगभर विकल्या गेल्या. आज गिऱ्हाइकाला साबातिए एवढेच सांगून भागत नाही; कोणती साबातिए, हे विचारावे लागते.

लायोल या दुसऱ्या फ्रेंच गावाची गोष्ट याहून बोलकी आहे. त्या गावाच्या नावाचा खिशातला चाकू प्रसिद्ध आहे. १९९३ साली गावाबाहेरच्या एका माणसाने लायोल हे नाव अनेक वस्तूंसाठी ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेतले. गावाने वर्षानुवर्षे कोर्टात झगडा केला. २०१२ साली तर गावकऱ्यांनी निषेध म्हणून गावाच्या नावाची पाटीच उतरवली. ज्यांनी नाव कमावले त्यांनाच ते वापरण्यासाठी भांडावे लागले.

आपल्या देशात दोन शहरांची उदाहरणे जवळची आहेत आणि दोन्ही ठिकाणी हा हुन्नर मोठ्या प्रमाणावर मुस्लिम कारागिरांच्या हातात राहिला आहे. रामपूरचा खटक्याचा चाकू एके काळी कसबाचा नमुना होता. हिंदी सिनेमाने त्याला गुंडाच्या हातात दिले. पुढे उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून मोठ्या पात्याच्या चाकूंवर बंदी घातली आणि धंदा आकसत गेला. २०२३ साली त्या शहरात चौकात सुमारे २० फुटी चाकूचे शिल्प उभारले गेले. शिल्प उभे राहिले, पण कारखाने पूर्वीसारखे भरले नाहीत. रामपूरच्या चाकूचे नाव झाले, पण ते भीतीचे झाले. ज्या वस्तूला लोक घरात ठेवायला कचरतात तिचा बाजार किती दिवस चालणार?

मेरठची कात्री याच्या उलट. मोटारींच्या भंगारातील पोलादापासून ती हाताने बनते. खिळा ढिला झाला तर आवळता येतो, धार गेली तर पुन्हा लावता येते. आजोबाने घेतलेली कात्री नातवाने वापरावी, अशी तिची ख्याती आहे. शिंप्याचे काम हे तिचे काम, आणि तेच तिचे नाव. २०१३ साली मेरठच्या कात्रीला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआयची नोंदणी मिळाली. वस्तू कोणत्या कामाची आहे हे आकारावरून स्पष्ट असले की तिला इज्जतही मिळते आणि कायद्याचे संरक्षणही.

आकार आणि कायदा

कायद्याचा विषय निघाला, म्हणून कारागीर आणि दुकानदार बंधूंना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालील नियम यांत पात्याच्या लांबी-रुंदीचा उल्लेख आहे. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू-सुरे शस्त्रांच्या यादीत येतात. मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. आचाऱ्याची १० इंची सुरी, खाटकाचा सत्तूर, उसाचा कोयता हे सगळे मापाने मोठे असले तरी कामाची अवजारे आहेत.

म्हणून आमच्या मते आकार हीच पहिली साक्ष आहे. एका बाजूला धार, सरळ पाठ, टाचेशी रुंद पाते, साधी लाकडी मूठ आणि पात्यावर कारागिराचा ठसा, अशी सुरी स्वतःच सांगते की मी स्वयंपाकघराची आहे. दोन्ही बाजूंना धार, मुठीपाशी आडवी पट्टी आणि खंजिरासारखे टोक असेल तर ती दुसरेच काही सांगते. कोणी गिऱ्हाईक हौस म्हणून असला माल बनवून मागेल, चार पैसे जास्तही देईल. तो नाकारणेच शहाणपणाचे आहे. सणावाराच्या आणि तणावाच्या काळात पोलिसांचे मनाई आदेश लागू होतात, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली हत्यारे घेऊन फिरण्यास बंदी होते. बकरी ईदच्या आधी सुऱ्यांना धार लावण्याची गर्दी असते, तेव्हा हे विशेष ध्यानात ठेवावे. सुरी कापडात किंवा पुठ्ठ्यात नीट बांधून न्यावी, दुकानाची पावती जवळ असावी, आणि शंका असेल तेथे वकिलाला आधी विचारावे.

जिंतूरने काय करावे

आता मुद्द्याची गोष्ट. बारा तऱ्हेच्या सुऱ्या बनवण्याची गरज नाही. लोहार, शिकलगार, सुतार आणि भांड्यांचे व्यापारी यांनी एकत्र बसून चारच आकार ठरवावेत. कांदा-भाजीसाठी ८ इंचांची सरळ धारेची सुरी, बोकड-कोंबडीसाठी ६ इंचांची अरुंद ताठ सुरी, सोलण्यासाठी साडेतीन इंचांची छोटी सुरी आणि एक सत्तूर. प्रत्येकाचा पत्र्याचा फर्मा कापून ठेवावा. आज घेतलेली आणि वर्षाने घेतलेली सुरी एकसारखी निघाली, तरच केटरर दहा नग एकदम मागेल. डोळ्याच्या अंदाजाने घडवलेला माल कितीही चांगला असला तरी त्याची मोठी ऑर्डर निघत नाही.

पोलादाला पाणी देण्याचेही असेच. कमानीच्या पाट्यात कार्बनचे प्रमाण साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान असते, सुरीसाठी ते पुरेसे आहे. रंगावरून ताव ओळखणारे उस्ताद आहेत, पण नव्या हातासाठी सोपी खूण अशी की तापलेल्या पोलादाला लोहचुंबक चिकटेनासा झाला, की त्याच्या थोड्या वर ताव गेल्यावर तेलात बुडवावे. मग पाते घासून उजळ करून पुन्हा मंद तापवावे. सुमारे २०० अंशांवर फिकट पिवळा रंग चढतो, तेथे थांबावे. दुसरा ताव चुकला तर पाते काचेसारखे तडकते किंवा धार वळते. पात्याची जाडी टाचेशी जास्त आणि टोकाकडे कमी होत गेली पाहिजे. फ्रेंच सुरी हातात हलकी वाटते, तिचे रहस्य हेच आहे. असे पाते गंजते खरे. पुसून, तेलाचा हात देऊन ठेवावे, हे गिऱ्हाइकाला विकतानाच सांगावे. न सांगता विकले की तक्रार येते, सांगून विकले की विश्वास बसतो.

शिकलगार बंधूंसाठी नवे काम येथेच आहे. हॉटेलच्या सुऱ्या लवकर बोथट होतात. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी येऊन धार लावून देण्याचा करार करावा. रोज गल्लीत आरोळी देत फिरण्यापेक्षा दहा हॉटेलांचा बांधलेला महिना बरा. स्वयंपाकाच्या सुरीला दर बाजूने १५ ते २० अंशांचा कोन पुरतो, सत्तुराला त्याहून जाड कोन लागतो. फ्रेंच-जर्मन सुऱ्यांच्या मुठीपाशी जाड पोलादी मान असते आणि काहींमध्ये ती थेट धारेपर्यंत उतरते. वारंवार धार लावल्यावर पाते झिजते, मान तशीच राहते आणि टाचेशी खाच पडते. मग काप पूर्ण पडत नाही. ती मान घासून धारेच्या रेघेत आणणे हे जाणकाराचे काम आहे आणि त्याचे वेगळे पैसे घेता येतात. वेगवान कोरड्या चाकावर पाते निळे पडेपर्यंत घासणे मात्र बंद झाले पाहिजे. निळे पडले म्हणजे पाणी उतरले, आणि तो दोष घडवणाऱ्याच्या माथी जातो.

यानंतर ठसा. प्रत्येक कारागिराची स्वतःची छोटी खूण असावी आणि तिच्या शेजारी जिंतूरचे नाव असावे. आपल्या भागाच्या सुरीची जुनी मोठी ख्याती नाही, तेव्हा आज जीआयच्या मागे धावण्यात अर्थ नाही. पण ट्रेडमार्क घेता येतो. अवजारे आणि सुऱ्या आठव्या वर्गात मोडतात. २०१७ च्या नियमांनुसार एकट्या कारागिराला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी दर वर्गामागे ४,५०० रुपये ठरली, आणि नोंदणी दहा वर्षांची असते. पाच-दहा जणांनी मिळून समूहाच्या नावाने चिन्ह घेण्याचीही कायद्यात सोय आहे. साबातिए आणि लायोलची गोष्ट आधी वाचली असेल, तर नोंदणी माल गाजण्यापूर्वी का करायची, हे वेगळे सांगायला नको.

भांडवलाचा प्रश्न येईलच. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ पेशांत लोहार, अस्त्रकार, हातोडा व अवजारे बनवणारे यांचा समावेश आहे. योजनेत प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि तारणाशिवाय आधी १ लाख व नंतर २ लाख रुपयांचे कर्ज ५ टक्के व्याजाने ठेवलेले आहे. धर्म किंवा जातीची अट नाही. जवळच्या सेवा केंद्रात चौकशी करायला काही लागत नाही. आपल्यातील ज्यांना व्याजाच्या कर्जाविषयी हरकत असेल त्यांनी प्रशिक्षण आणि अवजारांच्या मदतीची माहिती तरी घ्यावी.

शेवटची जबाबदारी व्यापाऱ्यांवर येते. भांड्यांच्या दुकानात कारखानी सुऱ्यांच्या शेजारी एक फळी स्थानिक कारागिराच्या ठसेदार मालासाठी ठेवावी, किंमत छापील असावी आणि खराब निघाली तर बदलून द्यावी. उधारीवर माल घेऊन कारागिराला तीन महिने हेलपाटे घालायला लावणे बंद करावे. कारागिराचा पैसा अडकला की तो पुन्हा भंगाराच्या भावाने माल विकतो, आणि मग ठसा, फर्मा, आकार सगळे वाया जाते. कारागिरांनीही एका आकारात एक पाते हलके, एक जाड, असा खेळ करू नये. ठशाची इज्जत एका खराब सुरीने जाते आणि ती परत मिळवायला शंभर चांगल्या सुऱ्या लागतात.

तिएरचा कारागीर थंड पाण्यावर पालथा पडून जे करू शकला ते जिंतूरचा कारागीर आपल्या भट्टीशी बसून करू शकणार नाही, असे आम्ही मानत नाही. हातात हुन्नर आहे, पोलाद भंगारात पडलेले आहे, गिऱ्हाईक ओट्याशी आणि हॉटेलात उभे आहे. चार फर्मे कापणे आणि एक ठसा कोरून घेणे, एवढ्यानेच सुरुवात होते. ज्या बंधूंची त्यासाठी तयारी असेल त्यांनी येत्या बाजाराच्या दिवशी चार कारागीर आणि दोन दुकानदार एका ठिकाणी बसवावेत आणि पहिला फर्मा कांद्याच्या सुरीचा कापावा.